बागेवरची हिरवी साडी

फेब्रुवारी लागला की सायखेड्याच्या रस्त्यानं जाताना द्राक्षांच्या बागांवर साड्या दिसायला लागतात. लाल, पिवळ्या, जांभळ्या, कुठं जरीचा काठ, कुठं फाटका पदर. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटतं, इथं कुणाचं तरी लग्न आहे. लग्नबिग्न काही नाही. ऊन तापायला लागलेलं असतं, मण्यांत साखर भरत असते आणि मावळतीकडच्या ओळींवरचे घड दुपारी भाजून निघतात. म्हणून बागाईतदार जुन्या साड्या तारांना बांधतात. माल उतरला की साड्या काढायच्या, गठ्ठा करून ठेवायच्या, पुढच्या वर्षी पुन्हा बांधायच्या.

लहानपणी मी आणि माझा धाकटा भाऊ विकास त्या साड्यांच्या आडोशाला बसून डबा खायचो. साडीतून गाळून आलेलं ऊन अंगावर पडायचं. मी हिरवी झाले, तू लाल झालास, असं चालायचं. आई ओळींतून घड बघत पुढं सरकायची आणि ओरडायची, "ए, साड्यांना हात लावू नका रे, हात धुवा आधी!" आम्ही कुठले धुतोय.

आता मी त्या रस्त्यानं जाते तेव्हा मोबाइलमध्ये डोकं घालून बसते. आठ वर्षं झाली. साड्या दिसल्या की मला माझी लाज वाटते, आणि ही लाज जुनी होऊन विरत वगैरे नाही. दर फेब्रुवारीला कोरी करकरीत परत येते.

सई, माझी मुलगी, झाली ती पौषातल्या थंडीत. तेव्हा आमच्या नाशिकरोडच्या घरात सकाळी फरशीवर पाय ठेववत नव्हता आणि खिडकीतून दिसणाऱ्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दहा वाजेपर्यंत धुक्यात बुडालेल्या असायच्या. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण माझी आई मी बारावीला असतानाच गेली. माहेरी विकास आणि त्याची बायको, दोघं दिवसभर बागेत. सासूबाई मला सातव्या महिन्यातच म्हणाल्या होत्या, "माहेरी कोन हाय तुझं करायला? हितंच राहा. मी हाय ना." त्या सायखेड्याच्या. सासरे गेल्यावर आमच्याकडं राहायला आल्या, पण बोलणं गावचंच राहिलं. मी त्यांना आई म्हणायचे. म्हणायचे म्हणजे सगळ्याच सुना म्हणतात तशी.

त्याच महिन्यात माझ्या नवऱ्याचं, प्रशांतचं, कंपनीतलं कंत्राट संपलं. तो रोज इस्त्रीचा शर्ट घालून काम शोधायला जायचा आणि मी घरात पदर खोचून काटकसरीच्या मागं लागले होते. मी ठरवलं, विकतचं काही आणायचंच नाही. कपड्यांना रिठ्याचं पाणी. भांड्यांना चिंच आणि राख. बाळाचं अंग पुसायला जुन्या धोतराचे तुकडे उकळून, घडी घालून डब्यात. पुढं लागेल म्हणून नाचणीचं सत्त्व आत्तापासूनच करून ठेवलेलं. फरशी पुसायला लिंबाच्या साली आणि गूळ बाटलीत घालून आंबवत ठेवलं होतं, त्याचं झाकण एकदा असं उडालं की प्रशांत मुलाखतीला निघालेला तसाच परत आत गेला, शर्ट बदलायला. तो हसला. मी नाही हसले. मला त्या वाया गेलेल्या साली दिसत होत्या.

बिल्डिंगमधल्या बायकांचा एक ग्रुप होता. त्यावर मी रोज फोटो टाकायचे. आजचं घरचं काजळ, आजची घरची दंतमंजन पूड. खाली अंगठे, हात जोडलेले, "रूपाली, तुझं खरंच कौतुक गं!" कुणी बाळासाठी तयार डायपर आणलेले दिसले की मी तोंडावर म्हणायचे, "अय्या, विकत काय आणायचं त्यात!" फार शहाणी होते मी तेव्हा. यातलं अर्ध्याहून जास्त मला सासूबाईंनी शिकवलेलं होतं. रिठे किती भिजवायचे, काजळाला वात कुठली, सत्त्वाचं पाणी किती वेळा बदलायचं. पण ग्रुपवर त्यांचं नाव मी एकदाही टाकलं नाही.

त्यांचं स्वतःचं असं एक होतं, ते म्हणजे बाळाला न्हाऊ घालणं. गावात त्यांच्या हातानं न्हालेली पोरं आज बाप्ये झालीत. कुणाकडं बाळंतपण झालं की पहिलं बोलावणं यांना. एक नारळ आणि खण घ्यायच्या, बस. उटणं त्यांचं स्वतःचं. मसूर डाळ, आंबेहळद, वाळा, सावलीत वाळवलेल्या गुलाबाच्या पाकळ्या. हे सगळं दळून, मलमलीतून दोनदा गाळून पितळी डब्यात भरलेलं. त्या पाटावर बसून पाय लांब करायच्या, बाळाला पायांवर पालथं घ्यायच्या आणि कोपरानं पाणी बघायच्या. मग सायीत कालवलेलं उटणं बोटांच्या पेरांनी फिरायला लागायचं. सई सुरुवातीला भोकाड पसरायची आणि तिसऱ्या तांब्याला गप्प व्हायची. सासूबाई तिच्याशी बोलत राहायच्या, "झालं गं झालं, माझी बाय ती, आता पाठ, आता मान, झालंच." मग ओव्याची धुरी, टाळूवर तेल, दुपट्यात घट्ट गुंडाळी. बाथरूमच्या दारातून वाफ आणि वाळ्याचा वास बाहेर यायचा. मी गादीवर पडून ऐकायचे आणि मला इतकं बरं वाटायचं की रडू यायचं. माझी आई असती तर तिनं हेच केलं असतं, हे मला कळत होतं. पण हे सासूबाईंना मी बोलून दाखवलं नाही. राहून गेलं, असं म्हणावं तर तेही खरं नाही. मला ते म्हणायचं नव्हतं. आईची जागा मी कुणाला देत नव्हते.

सव्वा महिना झाल्यावर सईला घेऊन मी एक दिवस माहेरी गेले. विकास मार्केटला गेलेला. वहिनी म्हणाली, चला, बाग दाखवते बाळाला. बागेवर साड्या चढलेल्या. मी सईला पदराखाली घेऊन चालतेय आणि कडेच्या ओळीवर मला ती दिसली. हिरवी, पांढऱ्या बुट्ट्यांची, सुती. माझ्या आईची साडी. घरात नेसायची ती. मी जागीच थांबले.

"ही कुठून आली?" मी विचारलं.

"ट्रंकेतली हाय," वहिनी म्हणाली. "दोन सालापासून बांधतोय. जुनीच होती ना ताई?"

तिची काही चूक नव्हती. जुनीच होती. पण मला तिथं उभं राहवेना. माझ्या बाळंतपणात माहेरचा बाळंतविडा आला होता तो दुकानातला, प्लॅस्टिकच्या पिशवीतला, वर किमतीचा कागद तसाच. आई असती तर तिनं याच साडीची दुपटी शिवली असती. मी सईला वहिनीकडं दिलं आणि स्वतःच्या हातानं गाठी सोडल्या. साडी तोंडाशी धरली. वास आला तसाच, आई बागेतून घरी यायची तेव्हा तिच्या अंगाला यायचा तसा. जरा उग्र, जरा मातीचा, नाकाला चुरचुरणारा. मला वाटलं, आईचाच वास आहे. बागाईतदाराची पोर मी! औषध मारलेल्या बागेत जन्म गेला, आणि गंधकाचा वास मला आईचा वाटला.

घरी येऊन ती साडी मी रिठ्याच्या पाण्यात एकदा खळबळून काढली. एकदाच. सासूबाई म्हणाल्या, "कुठली गं ही?" मी म्हणाले, "आईची आहे. ट्रंकेत होती." बागेवरून काढली, हे सांगितलं नाही, कारण मग माझ्या माहेरच्यांनी आईची साडी बागेवर बांधली हे सांगावं लागलं असतं. सासूबाईंनी ती हातात घेऊन चुरगाळून पाहिली आणि म्हणाल्या, "मऊ हाय. चांगली होतील लंगोटं." मी सहा लंगोट आणि दोन दुपटी शिवली. ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं, माझ्या आईचा बाळंतविडा. त्या दिवशी तर अंगठ्यांचा पाऊस पडला.

चौथ्या दिवशी सईच्या कमरेला पुरळ उठलं. आठव्या दिवशी मांड्या, पाठ, सगळं लालेलाल, कुठं कुठं पाणी धरलेलं. पोर कुशीत घेतली तरी किंचाळायची. सुरुवात झाली होती ती बरोबर लंगोटाची गाठ येते तिथून. हे मला दिसलं होतं. मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

द्वारका चौकाजवळच्या एका डॉक्टरांकडं गेलो. मी, प्रशांत आणि सासूबाई. डॉक्टरांनी सईला उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "अंगाला काय काय लावता बाळाच्या?"

कपडे कुठले, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खरं बोलले असते का, हे मी स्वतःला कितीतरी वेळा विचारलंय. जाऊ दे. मी पटकन म्हणाले, "घरचं उटणं. आई लावतात."

डॉक्टर सासूबाईंकडं वळले. चिडून नाही, पण दमलेल्या आवाजात म्हणाले, "आजी, हे घरगुती प्रयोग बंद करा आता. लहान जीव आहे."

सासूबाई म्हणाल्या, "बरं."

एवढंच. रिक्षात त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले होते. सिग्नलला रिक्षा बराच वेळ थांबली, बाजूला ट्रकचा धूर, हॉर्न, आणि सई माझ्या मांडीवर हुंदके देत होती. एरवी त्यांनी लगेच हात पुढं केले असते, आण इकडं म्हणाल्या असत्या. त्या दिवशी त्या बाहेर बघत बसल्या.

दोन दिवसांनी विकासचा फोन आला. वहिनीनं त्याला साडीचं सांगितलं होतं. "ताई, ती साडी कशाला नेली तू? बाळाला तर नाय ना वापरली? अगं दोन साल औषध बसलंय तिच्यावर, गंधक अन् काय काय. आम्ही ती काढली का हात धुतो, लय खाज सुटते. एकदा धुऊन नाय जात ते." मी म्हणाले, "नाही रे, नुसती आठवण म्हणून आणलीय." फोन ठेवला. सहाही लंगोट, दोन्ही दुपटी आणि उरलेला पदर पिशवीत भरला आणि सकाळी घंटागाडी आल्यावर स्वतः खाली जाऊन टाकून आले. वर येताना दुकानातून तयार डायपरचं पाकीट आणलं. "डॉक्टरांनी सांगितलंय," असं घरात म्हणाले. तेही खोटंच.

सई आठ दिवसांत खडखडीत बरी झाली. व्हायचीच. पण उटणंही त्याच वेळी बंद झालं होतं, त्यामुळं सगळ्यांना जे समजायचं ते समजलं. सासूबाईंनी पितळी डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हे ठिवून दे कुठंतरी वर. पोरीच्या जिवावर आलं माझ्यामुळं." त्या क्षणी बोलायला हवं होतं. डबा माझ्या हातात होता, घरात आम्ही दोघीच होतो. मी स्टूल घेतलं आणि डबा माळ्यावर ठेवला.

त्यानंतर त्यांनी सईला न्हाऊ घातलं नाही. कुणालाच नाही. गावाकडून बोलावणी आली तर म्हणायच्या, "माझा हात नाय राह्यला आता." पुढं पुढं बोलावणी यायची थांबली. प्रशांतला पुढं दुसरीकडं नोकरी लागली, हात सैल झाला, ग्रुपवरचे माझे फोटोही बंद झाले. आमच्या घरात मात्र एक चेष्टा कायमची राहिली. सई साबण लावायला कंटाळली की प्रशांत म्हणायचा, "थांब, आजीला उटणं लावायला सांगतो, मग कळेल!" सई खिदळायची. सासूबाईसुद्धा हसायच्या. मी भाजी परतत असायचे.

का नाही सांगितलं? मी बरीच कारणं जमवली होती. माहेरची अब्रू. प्रशांतची नोकरी गेलेली, घरात आधीच ताण. झालं गेलं, आता उकरून काय. सगळी फालतू. खरं एकच आहे. आईच्या साडीनं माझ्या लेकीचं अंग भाजलं, हे मला माझ्या तोंडानं म्हणायचं नव्हतं. दोघींपैकी एकीवर बोल येणार होता. गेलेली आई मी वाचवली आणि माझं बाळंतपण करणाऱ्या जित्या बाईला पुढं केलं. कौतुक घ्यायला मात्र मी एकटी पुढं होते.

यंदा माझी नणंद वर्षा पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं आली. तिचं माहेर हेच. मुलगा झाला. वर्षानं आईला विचारलंसुद्धा नाही, सरळ बाहेरची मालिशवाली लावली. माझ्या कानावर आलं, तिच्या सासूनं बजावलं होतं, "तुझ्या आईचं उटणं नको हं, सईचं काय झालं होतं माहितीये ना."

ती बाई घाईची. पाच घरं करायची असायची तिला. बाळ बाथरूममध्ये टाहो फोडायचं आणि सासूबाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मेथी निवडत ऐकायच्या. परवा बाळ फारच रडायला लागलं. सासूबाई उठल्या, गुडघे धरत दारापर्यंत गेल्या. "अगं, पालथा घे त्याला, मान धर..." एवढंच बोलल्या. स्वतःच्या हातांकडं बघितलं आणि परत येऊन बसल्या. मेथीची काडी उचलली. पानं काड्यांत आणि काड्या पानांत टाकायला लागल्या.

मी गॅस बंद केला.

"आई, सईला तुमच्या उटण्यानं नव्हतं झालं," मी म्हणाले. "ती साडी बागेवरची होती. औषधाची. मला तेव्हाच कळलं होतं."

त्यांना आधी समजलंच नाही. कुठली साडी, कुठलं औषध. मग मी सगळं सांगितलं, विकासच्या फोनसकट, घंटागाडीसकट. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तवाच कळलं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग तवाच का नाय बोललीस गं रूपाली? मी न्हाऊ घातलं असतं ना तिला." मग मेथी बाजूला सारून, "वरीसभर तरी घातलं असतं."

मी त्यांच्या पायाशी खाली बसले. त्यांनी मला उठ म्हटलं नाही आणि डोक्यावर हातही ठेवला नाही. मग त्या म्हणाल्या, "वर्षाला हाक मार. तिला तूच सांग. माझ्या म्होरं सांग."

वर्षा ओलं बाळ घेऊन आली. मी सांगितलं. ती नुसतं "वहिनी!" म्हणाली आणि भिंतीला टेकली. मग रडत आईला म्हणाली, "आई, उद्यापासून तूच घाल गं याला."

"आता कुठं खाली बसता येतंय मला," सासूबाई म्हणाल्या. "तवा बसत होते."

दुपारी सई शाळेतून आली. दप्तर टाकतेय तोवर सासूबाई म्हणाल्या, "हिला पण सांग."

वर्षाला सांगितलं ते त्यामानानं सोपं होतं, हे तेव्हा कळलं. आठ वर्षांच्या पोरीला कुठून सुरुवात करायची? मी म्हणाले, तू लहान असताना तुझ्या अंगाला जे झालं होतं ना, ते आजीमुळं नव्हतं, माझ्यामुळं झालं होतं. आणि मी ते लपवलं.

"म्हणजे तू खोटं बोललीस?"

"हो."

"आणि आजीला ओरडा बसला? आणि आपण तिला हसायचो?"

"हो."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी नजर खाली घातली. मग ती आजीच्या स्टुलाजवळ गेली, मोजे काढले, समोर खुर्ची ओढून बसली आणि आजीच्या मांडीवर दोन्ही पाय ठेवले. "मग लाव मला उटणं."

"आंघोळ झालीया ना सकाळी?"

"परत करीन."

सासूबाईंनी तिचे पाय हातात धरले. मातीनं मळलेले, मोज्यांचे वळ उठलेले. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "डबा काढ वरचा."

मी दुसरं स्टूल लावून माळ्यावरून डबा काढला. उघडला तर आत कपड्यांचे चिमटे. कधी भरून ठेवले मलाच आठवेना. उटणं मी केव्हाच फेकून दिलं होतं. सासूबाईंनी चिमटे बघितले, एक उचलून परत आत टाकला.

"मसूर हाय का घरात?"

"आहे."

"मग निवडायला घे. खडा राह्यला तर पोरीच्या अंगाला टोचंल."

मी परातीत डाळ ओतली. एकही खडा नव्हता. तरी मी ती तीनदा निवडली.